निशाण साहिब कुणाचं, हे विचारायला काय लागतं?

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे, शीख समाज मीडियात कसा दाखवला जातो, पण मी थेट एका दिवसापासून सुरू करते. 26 जानेवारी 2021. केंद्राच्या तीन शेती कायद्यांविरुद्ध दिल्लीत शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर मोर्चा होता, त्यातले काही लोक ठरलेला रस्ता सोडून लाल किल्ल्यावर पोचले आणि तिथल्या एका रिकाम्या खांबावर झेंडा चढवला. लगेच काही चॅनलवर आणि सोशल मीडियावर सुरू झालं की तिरंगा उतरवला, खलिस्तानचा झेंडा फडकवला. दोन्ही खोटं होतं. तिरंगा आपल्या जागी होता, आणि चढवलेला झेंडा निशाण साहिब होता, म्हणजे शिखांचा धार्मिक ध्वज, जो जगातल्या प्रत्येक गुरुद्वाऱ्यावर असतो.

लाल किल्ल्यावर जायला नको होतं असं माझंही मत आहे, पण ते बाजूला ठेवा. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. लाल किल्ल्यासमोरून चांदनी चौकात शिरलं की थोडं चालल्यावर गुरुद्वारा सीसगंज साहिब लागतो, जिथे 1675 मध्ये गुरु तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला, आणि तिथे निशाण साहिब वर्षाचे सगळे दिवस असतं. म्हणजे दिल्लीत काम करणारे पत्रकार त्याच्यावरून रोज ये-जा करतात. त्या दिवशी सकाळच्या परेडमधे पंजाबचा चित्ररथसुद्धा गुरु तेगबहादुरांच्या बलिदानावरच होता, तो सगळ्यांनी कौतुकाने दाखवला आणि दुपारी त्याच समाजाचं निशाण ओळखता आलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही सरदारजींना विचारलं असतं, भाईसाब हे काय आहे, तर दोन सेकंदात उत्तर मिळालं असतं. उद्या एखाद्या चॅनलने वारीतली भगवी पताका बघून हा फुटीर संघटनेचा झेंडा आहे असं ब्रेकिंग चालवलं तर आपल्याला काय वाटेल, तेवढंच त्यांना वाटलं.

आता पुढे बघा. तीनच महिन्यांनी, एप्रिल 2021 मधे कोरोनाची दुसरी लाट आली. गाझियाबादला इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्याबाहेर ऑक्सिजन लंगर सुरू झाला, लंगर म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं सगळ्यांसाठीचं मोफत जेवण, तसाच हा मोफत ऑक्सिजन, लोक गाडीत बसल्या बसल्या, रिक्षात, रस्त्यावर ऑक्सिजन घेत होते, आणि काही दिवसांत देशभरातले कॅमेरे तिथे. देवदूत, फरिश्ते, काय काय हेडलाईन. कौतुक व्हायलाच हवं होतं, त्या लोकांनी खरंच जीव वाचवले. पण मला असं वाटतं की जानेवारीतला संशय आणि एप्रिलमधलं कौतुक हे एकाच ठिकाणाहून येतं, दोन्ही वेळा समोरच्या माणसाबद्दल काही माहीत नसतं, दोन्ही वेळा पगडी दिसते आणि माणूस दिसत नाही. देवदूत म्हटलं की त्याला विचारावं लागत नाही की बाबा तुझं पिकाच्या भावाबद्दल काय म्हणणं आहे, 84 च्या शीखविरोधी हिंसाचारात तुझ्या घरात काय झालं, तुझा मुलगा कॅनडाला का गेला. आणि शत्रू म्हटलं की तर काहीच विचारावं लागत नाही.

हिंदी सिनेमाने हेच आधीपासून केलंय. सरदार आला की एकतर हसवणारा, भांगडा करणारा, नाहीतर बॉर्डरवर गरजणारा फौजी. फौजीच्या भूमिकेला माझी हरकत नाही, इतिहास आहेच तेवढा. हरकत ही आहे की त्याच्याशिवाय फार काही नाही. म्हणून मला 2009 चा रॉकेट सिंग हा सिनेमा फार आवडतो. हरप्रीत सिंग बेदी नावाचा मुलगा, कॉलेजात जेमतेम मार्क, कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत सेल्समन होतो, लाच द्यायची की नाही या प्रश्नात अडकतो. पगडीवर विनोद नाही आणि तलवारसुद्धा नाही, एक नोकरी करणारा मुलगा आहे बस. तिकीटबारीवर फार चालला नाही तो, पण बघितला नसेल तर बघा. आणि दुसरीकडे जसवंतसिंग खालड़ा, ज्यांनी नव्वदच्या दशकात पंजाबातल्या बेवारस म्हणून जाळलेल्या मृतदेहांच्या नोंदी स्मशानांतून शोधून काढल्या, 1995 मध्ये ज्यांना घरासमोरून उचलून नेऊन मारलं आणि पुढे पोलीसच दोषी ठरले, त्यांच्यावरचा पंजाब 95 हा दिलजीत दोसांझचा सिनेमा सेन्सॉरकडे वर्षानुवर्षं अडकून राहतो. भांगडा चालतो, हे चालत नाही.

जोक्सबद्दल सगळेच विचारतात म्हणून पटकन सांगते. 2015 मध्ये एका शीख वकील बाईंनी सुप्रीम कोर्टात याचिका केली होती की सरदारांवरचे जोक्स छापणाऱ्या वेबसाईट बंद करा, शाळेत पोरांना त्रास होतो. 2017 मध्ये कोर्ट म्हणालं की नागरिकांनी कसं वागावं याच्या गाईडलाईन्स आम्ही काढू शकत नाही. मला ते पटतं. पण म्हणून शाळेतल्या पोराचा त्रास कमी होत नाही, तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपणच थांबवायचा आहे.

आणि बायका? शीख म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर पुरुषच आला ना? शेतकरी आंदोलनात दिल्लीच्या सीमेवर, टिकरी बॉर्डरला, हजारो बायका बसल्या होत्या. बठिंडा जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकरी आजींचा फोटो घेऊन एका प्रसिद्ध अभिनेत्रीने ट्वीट केलं की ही नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनातली शाहीनबागवालीच आजी आहे, शंभर रुपयात मिळते. आजींनी 2021 मध्ये सरळ कोर्टात मानहानीचा दावा टाकला. या वयाची बाई कोर्टाची पायरी चढते, तिच्यावर खरं तर अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायला हवा होता.

त्या आंदोलनातल्या पोरांनी काय केलं माहितीये, आपलं म्हणणं कोणी नीट छापत नाही म्हणून स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. ट्रॉली टाइम्स. 18 डिसेंबर 2020 ला पहिला अंक, पंजाबी आणि हिंदीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत राहणाऱ्या लोकांसाठी. नंतर 19 नोव्हेंबर 2021 ला, गुरुनानक जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांनी ते शेती कायदे मागे घ्यायची घोषणा केली तेव्हा ज्यांनी वर्षभर खलिस्तानी म्हटलं होतं त्यातल्या किती जणांनी दिलगिरी व्यक्त केली हे तुम्हीच शोधा.

आता आपल्याकडे येते, कारण हे दिल्लीचं आहे असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. नांदेड आपलं आहे. 1708 मध्ये गुरु गोविंदसिंग तिथे होते, तिथेच त्यांनी गुरु ग्रंथ साहिबला गुरुगादी दिली. तिथे पिढ्यानपिढ्या राहणारे दख्खनी शीख आहेत. तरी 2020 च्या लॉकडाऊनमधे तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात हजारो यात्रेकरू अडकले, एप्रिलअखेर पंजाबला परतले आणि तिथे त्यातले बरेच पॉझिटिव्ह निघाले तेव्हा बातम्यांत नांदेड हे नाव जणू रोगाचंच नाव झालं. यात्रेकरू महिनाभर कसे राहिले, त्यांना जेवण कोणी दिलं, ते फार थोड्यांनी विचारलं.

आणि फेब्रुवारी 2024 आठवा. तख्त सचखंड हजूर साहिबच्या गुरुद्वारा बोर्डाचा कायदा 1956 चा आहे, तो बदलून 17 पैकी 12 सदस्य सरकारने नेमायचे असा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मान्य केला. नांदेडचे शीख रस्त्यावर उतरले, अमृतसरहून विरोध झाला आणि सरकारला थांबावं लागलं. आपलं देवस्थान कोणी चालवायचं, भक्तांनी की सरकारने, हा प्रश्न पंढरपूरपासून शिर्डीपर्यंत सगळ्या महाराष्ट्राचा आहे. पत्रकारिता शिकणारी पोरं इथे बसली आहेत म्हणून विचारते, मुंबई-पुण्याच्या चॅनलवर त्यावर किती चर्चा बघितल्या तुम्ही? होळीच्या वेळच्या होला मोहल्ला या शीख सणाला घोडे आणि तलवारींचे शॉट घ्यायला आपली ओबी व्हॅन दरवर्षी जाते. यंदा गेलात तर एक दिवस जास्त थांबा, गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत जा आणि या बोर्डाबद्दल तिथल्या दुकानदाराला, शाळेतल्या बाईंना, निवृत्त क्लार्कला विचारा. त्यांची त्यावर ठाम मतं असतील, आणि ती एकमेकांशी जुळणारही नाहीत.