पुरावा नंतर, नोंद आधी : वृद्धाश्रमातील छळ ओळखताना

उपस्थित सर्वांना नमस्कार. आज या सभागृहात वृद्धाश्रमांचे व्यवस्थापक आहेत, परिचारिका आहेत, शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत काम करणाऱ्या मावशी आणि मामा आहेत, आणि आपल्या आई-वडिलांना अशा ठिकाणी ठेवलेले काही नातेवाईकही आहेत. या चौघांना एकत्र बसवून वृद्धांच्या छळाविषयी बोलायचे म्हटले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहू लागतो. म्हणून सुरुवातीलाच सांगते, की संशय येणे आणि गुन्हा सिद्ध होणे यांच्यामध्ये जे दिवस जातात, त्या दिवसांत आपण काय करायचे, एवढाच माझा विषय आहे. बहुतेक प्रकरणे त्या दिवसांतच विरून जातात. कुणाला तरी काही दिसलेले असते, पण ‘आपल्याकडे पुरावा कुठे आहे’ असे म्हणून ती व्यक्ती गप्प बसते. पुरावा तपासायला पोलीस आहेत, डॉक्टर आहेत. पाहणाऱ्याने पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या जबाबदार माणसाला सांगावे, इतकेच त्याच्याकडून अपेक्षित आहे.

या विषयाचे वय फार नाही. वृद्धांना होणाऱ्या मारहाणीकडे लक्ष वेधणारा मजकूर ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांत १९७५ साली छापून आला, आणि १५ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या जाणीवजागृतीसाठी मान्य करायला २०११ साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र केलेल्या अभ्यासांनुसार, समाजात राहणाऱ्या ६० वर्षांवरील दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. संस्थांविषयीचा आकडा याहून अस्वस्थ करणारा आहे. शुश्रूषागृहांत आणि दीर्घकालीन काळजीच्या केंद्रांत काम करणाऱ्यांना विचारले, तेव्हा तिघांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून असे वर्तन घडल्याचे स्वतःच मान्य केले. तिघांपैकी दोन माणसे दुष्ट असू शकत नाहीत. जेथे इतक्या लोकांच्या हातून चूक घडते, तेथे कामाची रचनाच तपासायला हवी.

समजा, रात्रपाळीला एका मजल्यावर अंथरुणाला खिळलेले पंधरा जण आहेत आणि एकच मावशी आहेत. प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलायची, डायपर पाहायचे, पाणी पाजायचे, कुणी उठून दाराकडे निघाले तर त्याला परत आणायचे, हे सारे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. मग काहीतरी गाळले जाते, आणि जे आवाज करत नाही ते आधी गाळले जाते. म्हणजे पाणी आणि कूस. याला हेळसांड म्हणतात, आणि माझ्या मते वृद्धाश्रमांतील छळाचे हे सर्वांत मोठे रूप आहे. थप्पड मारलेली कुणाला तरी ऐकू जाते. तीन दिवस पुरेसे पाणी न मिळाल्याचे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

आता शरीराकडे येऊ. सुकलेली जीभ, गडद आणि कमी लघवी, सैल झालेले कपडे, वाढलेली नखे, दिवसा भिजलेली गादी, कपाटात बंद पडून राहिलेले कानाचे यंत्र, डब्यात तशीच राहिलेली कवळी, या गोष्टी पाहायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा येथील त्वचा लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावरही लाली गेली नाही, तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. प्रत्येक बेडसोअर हा हेळसांडीचा पुरावा नसतो. अखेरच्या आजारात उत्तम शुश्रूषा असूनही जखम होऊ शकते. पण जखम कधी दिसली, तिची लांबी-रुंदी किती होती, कुणाला कळवले आणि त्यानंतर काय बदलले, हे वहीत नसेल, तर तो हेळसांडीचा पुरावा जरूर असतो.

काळ्यानिळ्या डागांविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण येथे दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. वयानुसार त्वचा पातळ होते, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, आणि नुसता कठडा लागला तरी हातावर मोठा डाग उठतो. त्यामुळे डाग दिसला की मावशींवर आरोप करणे अन्यायाचे आहे. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धांच्या अंगावर अपघाताने उठलेले डाग रोज पाहिले गेले. त्यांतील सुमारे ९० टक्के डाग हातापायांवर होते. मान, कान, कुल्ले आणि तळपाय येथे एकही नव्हता. रंगावरून डागाचे वय सांगता येते हा आपला समजही त्यात टिकला नाही, कारण पहिल्याच दिवशी पिवळट दिसणारे डागही आढळले. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छळ झालेल्या वृद्धांचे डाग पाहिले, तेव्हा ते बहुधा पाच सेंटिमीटरहून मोठे होते आणि चेहरा, दंडाची बाहेरची बाजू व पाठ येथे अधिक आढळले. या संशोधनातून निघालेली आणखी एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना, आणि त्यात स्मरणशक्ती क्षीण झालेलेही होते, डाग कसा उठला हे सांगता आले. म्हणजे विचारले असते तर कळले असते.

‘त्यांना डिमेन्शिया आहे, त्या काहीही बोलतात’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते. डिमेन्शियात ‘माझे पैसे चोरले’ असा खोटा समज होतो, हे खरे आहे. पण विसरणाऱ्या माणसाचे पैसे चोरणे सोपे असते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून अशी तक्रार आली की ती आजारात ढकलण्यापूर्वी एकदा कपाट, पासबुक आणि मोबाइलवरचे संदेश पाहून घ्यावेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ येते तेव्हा कोण सोबत जाते, पेन्शन जमा झाल्यावर ती कोण काढते, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हे व्यवस्थापकाला माहीत असायला हवे. भेटीला आलेल्या नातेवाइकाने दार लोटून घेऊन कागदावर अंगठा घेतला, तर तो छळ घरचा असला तरी घडला तुमच्या छताखाली.

झोपेच्या गोळ्या आणि बांधून ठेवणे या दोन गोष्टींना अनेक ठिकाणी छळ म्हटलेच जात नाही. संध्याकाळी सातलाच गोळी देऊन सगळा मजला शांत करायचा, किंवा आजोबा नळी ओढतात म्हणून मनगट साडीच्या पट्टीने कठड्याला बांधायचे, याला ‘त्यांच्याच भल्यासाठी’ असे म्हणतात. ही गोळी कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या तारखेला आणि किती दिवसांसाठी लिहून दिली, हा प्रश्न विचारला की अनेकदा उत्तर मिळत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू आहे. रुग्णाला बांधण्याची मुभा तेथेसुद्धा तत्काळ होणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, आणि मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनेच मिळते. माणसे कमी आहेत हे कारण कायद्याने साफ नाकारलेले आहे. रुग्णालयाला जी सवलत नाही, ती वृद्धाश्रमाने स्वतःच घेऊ नये. एरवी शांत असलेले आजोबा अचानक ओरडू-मारू लागले, तर आधी लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, कुठले दुखणे, यांचा शोध घ्यावा. पुष्कळदा तेवढ्याने बांधण्याची वेळच येत नाही.

संशय आला की बोलायचे कसे? प्रथम एकांत. कर्मचारी, मुलगा, सून, कुणीही समोर नको. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र जागेवर आहे ना हे पाहावे, आणि त्यांच्या बोलीत, बसून बोलावे. ‘मावशींनी मारलं का?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्यात उत्तर आपणच भरवतो. ‘आजी, हाताला काय झालं?’, ‘रात्री उठायचं असलं तर कोण येतं?’, ‘इथे कुणाची भीती वाटते का?’ असे विचारावे आणि मग थांबावे. शांतता सहन करणे आपल्याला जमत नाही, तेथे सराव लागतो. आणि ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. ‘ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगण्यापूर्वी तुम्हाला विचारेन’ एवढेच म्हणावे. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २००८ साली डॉक्टरांसाठी सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार केली, त्यांतले पाच वृद्ध व्यक्तीला विचारायचे आणि सहावे डॉक्टरांचे स्वतःचे निरीक्षण. ती दवाखान्यात येणाऱ्या, बौद्धिक क्षमता शाबूत असलेल्या रुग्णांसाठी आहे. वृद्धाश्रमात ती जशीच्या तशी वापरू नये. मात्र निरीक्षणालाही एक स्वतंत्र जागा द्यावी, ही तिच्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे.

नोंद करताना तारीख, वेळ, कोण हजर होते, काय दिसले आणि वृद्ध व्यक्तीचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘आजींना मारहाण झाली’ हा निष्कर्ष झाला. ‘उजव्या दंडावर बाहेरच्या बाजूला सहा सेंटिमीटरचा निळा डाग, विचारल्यावर म्हणाल्या, ती रागावली की धरते’ ही नोंद झाली. फोटो त्यांच्या संमतीने काढावा आणि तो कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर आंघोळ घालण्याची आणि कपडे धुण्याची घाई करू नये, थेट रुग्णालय गाठावे. जिवाला धोका असेल तर ११२. संशयित कर्मचाऱ्याला चौकशी होईपर्यंत त्या व्यक्तीपासून दूरच्या कामावर ठेवावे, दोषी न ठरवता. आणि चौकशी त्याच पाळीच्या पर्यवेक्षकाकडे देऊ नये.

कायद्याचा आधार आहे, पण तो तोकडा आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा कळवणे बंधनकारक करतो. वृद्धांच्या छळाबाबत आपल्याकडे असे बंधन नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा मुख्यतः मुले आणि वारसदार यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. त्याच्या कलम २४ नुसार ज्याच्यावर काळजीची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला कायमचे वाऱ्यावर सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. काळजी-केंद्रांच्या नोंदणीची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ साली मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. संस्थांना अधिक लागू पडणारी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ मध्ये आहे. असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणे हा तेथे गुन्हा आहे, शिक्षा तेवढीच. मारहाण आणि कोंडून ठेवणे यांना सर्वसाधारण कलमे आहेतच. सल्ला आणि मदत यांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

एक अडचण मात्र कायद्याने सुटत नाही. आजी शुद्धीवर आहेत, सारे समजते, आणि त्या म्हणतात, ‘तक्रार नको, मला इथेच राहायचंय.’ त्यांचा निर्णय त्यांचाच आहे, आणि तो रेटून मोडणे हाही एक प्रकारचा छळच. पण त्याच मजल्यावर बोलू न शकणारे आणखी दहा जण आहेत. अशा वेळी आजींचे नाव पुढे न करता पाळ्या बदलणे, रात्री अचानक फेरी मारणे, बाकीच्यांची तपासणी करून घेणे, हे व्यवस्थापकाला करता येते आणि करावे लागते. आणि आजींना ‘पुन्हा विचारू का?’ असे काही दिवसांनी विचारावे, मन बदलते.

शेवटी मावशी-मामांविषयी. छळ सर्वांत आधी त्यांना दिसतो, आणि बोलण्याची सर्वांत जास्त किंमतही त्यांनाच मोजावी लागते. ज्या मावशी बोलतात, त्यांचे नाव पुढच्या महिन्याच्या पाळीपत्रकातून गळते. ब्युरो म्हणतो, संस्थेने नको सांगितले. संस्था म्हणते, ब्युरोने दुसरी बाई पाठवली. येथे बसलेल्या व्यवस्थापकांनी ब्युरोशी पुढचा करार करताना एक कलम लिहून घ्यावे : तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला सहा महिन्यांच्या आत कामावरून कमी करायचे असेल, तर कारण लेखी द्यावे लागेल आणि त्यावर विश्वस्तांची सही लागेल. नातेवाइकांनीही अनामत रक्कम भरण्यापूर्वी हे कलम करारात आहे का, आणि रात्री दहानंतर भेटायला येऊ देता का, हे दोन प्रश्न विचारावेत.