लाइट चालू असताना तोंड येतं तेव्हा

मंडळी, आज समोर पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त बसलेत, हे बरंच झालं. लाइटच्या, म्हणजे रेडिएशनच्या उपचारांच्या, तिसऱ्या आठवड्यात पेशंटला नीट बोलवत नाही. त्याच्या वतीने डॉक्टरांशी तुम्हालाच बोलायचं असतं.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला लाइट बहुतेक सहा-सात आठवडे चालते. सोमवार ते शुक्रवार, रोज साधारण २ ग्रे (ग्रे हे लाइटच्या मात्रेचं माप), सगळी मिळून ६० ते ७० ग्रे. तोंडाचं आतलं अस्तर एरवी आठ-पंधरा दिवसांत नवं होत असतं. लाइटमुळे वरचं झिजत राहतं आणि खालून नवं पुरेसं येत नाही. म्हणून पहिला आठवडा बरा जातो. घरचे म्हणतात, "काहीच त्रास नाही की!" मग तोंड लाल होतं, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सोलवटतं, जखमांवर पांढरट पापुद्रा धरतो. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर त्रास वाढतो.

याच सुमारास लाळ आटते, आणि लाळेने आवरून धरलेली बुरशी डोकं वर काढते. कँडिडा तिचं नाव. पुष्कळ धडधाकट माणसांच्या तोंडातही ती असतेच. आता ती दह्याच्या कवडीसारखी जिभेवर, गालाच्या आत दिसते; पुसली तर निघते आणि खाली लालभडक. कधी पांढरं काहीच नसतं, नुसती आग होते आणि ओठांचे कोपरे चिरतात.

माझा सगळा आग्रह इथे आहे. लाइटच्या जखमा एका औषधाने बऱ्या होत नाहीत. लाइट संपल्यावर दोन-चार आठवड्यांत त्या भरत येतात, तोवर वेदना आवरायच्या. बुरशीला मात्र औषध आहे: निस्टॅटिन, क्लोट्रिमाझोल, फ्लुकोनाझोल. काही दिवसांत फरक पडतो. त्यामुळे आग एकाएकी वाढली तर "लाइटचंच आहे, सोसायचं" म्हणून घरी बसू नका. तोंड उघडून दाखवा. दोन्ही पांढरंच दिसतं, घरी ओळखणं अवघड आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा. बुरशीच्या काही औषधांनी, अगदी तोंडात लावायच्या जेलनेही, तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. केमो चालू असताना ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

आणि कृपा करून लाइट स्वतःच्या मनाने थांबवू नका. "तोंड बरं होऊ दे, मग जाऊ" हे प्रेमापोटी बोललं जातं, मला कळतं. पण तीन-चार आठवड्यांनंतर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. मध्ये गेलेला प्रत्येक दिवस त्यांच्या पथ्यावर पडतो. गिळवत नसेल तर नाकातून नळी घालता येते. ती काही शेवटाची खूण नाही, बहुतेकांची नंतर निघते. मॉर्फिनलाही घाबरू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते घेतलं, तर माणूस चार घास खातो आणि झोपतो.

घरी करायचं ते साधं आहे. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एकेक चमचा मीठ आणि खाण्याचा सोडा. दर दोन-तीन तासांनी गुळण्या, पाणी रोज ताजं. ब्रश मऊ. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको, तुरटी नको. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. बुरशी तिच्यावरही वस्ती करते. आणि मिश्री बंद. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते," असं आपल्याकडे बायका अगदी निरागसपणे सांगतात. मिश्री तंबाखूचीच असते, आणि ती थेट या जखमांवर घासली जाते.

आता दातांचं. खराब दात लाइट सुरू होण्याआधीच काढायचे, जखम भरायला दोनेक आठवडे मिळतील अशा बेताने. लाइट घेतलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि दात काढल्यावर ते हाड कुजू शकतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो. तेव्हा पुढे कधीही, गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी, खुर्चीत बसण्याआधी सांगायचं की मला तोंडाला लाइट दिली आहे. लाइटची फाइल सोबत न्या.