टांगानिकाचा आरमारी साहेब

(पडद्यावर: आफ्रिकेचा जुना नकाशा. कॅमेरा हळूहळू टांगानिका सरोवराकडे.)

त्या काळी जगातलं सगळ्यात मोठं आरमार ब्रिटनचं. पण १९१५ साली आफ्रिकेच्या ऐन पोटातल्या या सरोवरावर त्या आरमाराची साधी होडीसुद्धा नव्हती.

हे टांगानिका. उत्तर-दक्षिण साडेसहाशे किलोमीटरहून लांब. पूर्वेचा काठ जर्मनांचा, पश्चिमेचा बेल्जियमच्या काँगोचा, दक्षिणेच्या टोकाला ब्रिटिशांचं ऱ्होडेशिया. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच महिन्यात ‘हेडविग फॉन विसमान’ नावाच्या जर्मन आगबोटीने बेल्जियनांची आगबोट निकामी केली, आणि सरोवर जर्मनांच्या ताब्यात गेलं. हेडविग होती जेमतेम वीस मीटर लांब. तिच्या जोडीला ‘किंगानी’, ती त्याहून लहान. पण समोर कुणीच नसलं की एवढ्यावरही राज्य करता येतं. हव्या त्या काठावर सैनिक उतरवायचे, काम झालं की उचलायचे.

त्यात तिसरं जहाज येत होतं, आणि ते मात्र खरोखरच मोठं. ‘ग्राफ फॉन गोत्झेन’. जर्मनीत पापेनबुर्गच्या गोदीत बांधलं, पुन्हा सुटं केलं, हजारो पेट्यांत भरून दार-ए-सलामला आणलं, तिथून रेल्वेने किगोमाला, आणि काठावर परत जोडलं. लांबी सत्तर मीटरच्या आसपास.

ही खबर घेऊन एप्रिल १९१५ मध्ये जॉन ली नावाचा शिकारी लंडनला आरमाराच्या मुख्यालयात पोहोचला. आफ्रिकेत त्याची हयात गेलेली. त्याची योजना अशी: दोन वेगवान मोटरबोटी केपटाउनला उतरवायच्या, रेल्वेने उत्तरेला न्यायच्या, रेल्वे संपली की जंगलातून, डोंगरावरून ओढत सरोवरापर्यंत. ॲडमिरल हेन्री जॅक्सन यांनी योजना मान्य केली. जहाज तरंगेल एवढं पाणी जिथे असेल तिथे शत्रूला गाठणं हे आरमाराचं कर्तव्यच, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य पुढे गाजलं.

आता पाठवायचं कुणाला? चांगले अधिकारी सगळे समुद्रावर गुंतलेले. मुख्यालयातच एका टेबलाशी बसून कागद सरकवणारा एक जण मोकळा होता. त्याला फ्रेंच उत्तम येत होतं, आणि आफ्रिकेतल्या नदीवर काम केल्याचा अनुभवही होता.

(पडद्यावर: गणवेशातलं छायाचित्र.)

जेफ्री बेसिल स्पायसर-सिम्सन. जन्म १८७६, टास्मानियातल्या होबार्टचा. चौदाव्या वर्षी आरमारात दाखल झाला. आता वय एकोणचाळीस आणि हुद्दा लेफ्टनंट कमांडर. बरोबरीचे कधीच पुढे निघून गेले होते, आणि त्याला कारणंही होती. दोन विनाशिकांमध्ये तार ताणून पाणबुड्यांची पाण्यातली पेरिस्कोपं पकडायची, अशी एक शक्कल त्याने लढवली, तेव्हा आपलीच पाणबुडी बुडता बुडता वाचली. पुढे सुट्टीवरचे खलाशी नेणाऱ्या एका बोटीला त्याच्या जहाजाची धडक बसली, तेव्हा मनुष्यहानी झाली. महायुद्ध लागल्यावर इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर त्याला दोन गनबोटी आणि काही टगबोटी दिल्या. ११ नोव्हेंबर १९१४ ला डीलसमोर नांगरलेली ‘नायजर’ ही गनबोट जर्मन पाणबुडीने भरदिवसा बुडवली. साहेब त्या वेळी जहाजावर नव्हते. किनाऱ्यावरच्या हॉटेलात होते. त्यानंतर टेबल.

भर म्हणून स्वभाव. बढाया मारायची खोड अशी की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. गाणं मोठ्याने आणि बेसूर. सिगारेटींवर स्वतःचं नाव छापून घेतलेलं. अंगभर गोंदण, त्यात सापही.

गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच हसायला लागतात आणि एक बाजू विसरतात. या माणसाने चीनमध्ये यांगत्से नदीची त्रिकोणमापनाने मोजणी केली होती. युद्धाआधीची काही वर्षं पश्चिम आफ्रिकेत गांबिया नदीवर तेच काम. खोली घ्यायची, कोन मोजायचा, वाळूची दांडी कुठे सरकली ते नकाशावर मांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या कामाला चिकाटी लागते, आणि ती त्याच्याकडे होती. आरमाराने त्याला तोफेपाशी उभं करून पाहिलं, हीच बहुधा चूक.

(पडद्यावर: टेम्स नदी.)

बोटी दोन्ही थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या, महोगनीच्या, चाळीस फूट लांब. पुढे तीन पौंडी तोफ, म्हणजे तीन पौंडांचा गोळा फेकणारी, मागे मशीनगन. बोटींची नावं ‘डॉग’ आणि ‘कॅट’ ठेवावीत असं स्पायसरने सुचवलं. मुख्यालयाने कपाळाला हात लावला. मग त्याने ‘मिमी’ आणि ‘टूटू’ दिली, ती मंजूर झाली. फ्रेंच पोरं मांजराला आणि कुत्र्याला तशीच हाक मारतात, हे मंजुरी देणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

जून १९१५ मध्ये बोटी आणि अठ्ठावीसेक माणसं निघाली. जॉन ली रस्ता तयार करायला आधीच पुढे गेला होता. स्पायसरने वाटेतच त्याच्यावर आरोप ठेवून त्याला मोहिमेतून काढून टाकलं. ज्याची कल्पना तोच बाहेर!

(पडद्यावर: फुंगुरुमे. रेल्वेमार्गाचा शेवट.)

काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत आगगाडी. तिथून संकिसियापर्यंत सव्वाशे-दीडशे मैल रस्ता नाही. मध्ये मितुंबाचे डोंगर, सहा हजार फूट उंचीचे.

इथे थोडं थांबू. मोहिमेची कमाई म्हणायची ती हीच.

बोटी लाकडी पाळण्यांत बसवलेल्या, पाळण्यांना चाकं. ओढायला रुळांशिवाय चालणारी दोन वाफेची ट्रॅक्शन इंजिनं, जोडीला बैलांच्या लांबच लांब रांगा. त्यांच्यापुढे शेकडो आफ्रिकी मजूर झाडं तोडत चाललेले. ओढ्या-नाल्यांवर लाकडाचे पूल बांधायचे, शंभराहून जास्त. त्यातले काही इंजिनाच्या वजनाखाली मोडायचे, की पुन्हा बांधायचे. चढावर इंजिनं हरली की बैल जुंपायचे, बैल हरले की झाडाच्या बुंध्याला कप्पी अडकवून दोर ओढायचा. उतारावर उलटं: बोट सुटून दरीत जाऊ नये म्हणून मागून धरून ठेवायची. ऊन एवढं की महोगनीच्या फळ्या सुकून फाकतील याची धास्ती. इंजिनाला पाणी लागायचं, आणि माथ्यावर पाण्याचा पत्ता नाही. मग गावोगावच्या बायका कित्येक मैलांवरून डोक्यावर मडकी घेऊन आल्या आणि ते पाणी बॉयलरमध्ये ओतलं गेलं. पुढे लंडनमध्ये पदकं वाटली गेली तेव्हा या बायकांचं नाव यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

ऑगस्टच्या मध्याला निघालेल्या बोटी सप्टेंबरच्या अखेरीस संकिसियाला पोहोचल्या. तिथून छोटी रेल्वे, मग लुआलाबा नदी, तीही आटलेली, म्हणजे दर थोड्या अंतरावर गाळात रुतणं आलंच. पुन्हा रेल्वे. ऑक्टोबर संपता संपता टांगानिका समोर आलं. एकही बोट वाटेत गमावली नाही. बोटी हाकणारी, पूल बांधणारी माणसं वेगळी होती हे खरं, पण शेवटी हुकूम स्पायसरचा होता. श्रेय द्यायचं तर ते या टप्प्याचं द्यावं.

(पडद्यावर: सरोवराचा काठ.)

काठावर साहेब खुलले. बायकोने शिवून दिलेला खाकी स्कर्ट घालून फिरू लागले. उकाड्यात तोच बरा, असं त्यांचं म्हणणं. आंघोळ चारचौघांत, गोंदलेलं अंग सगळ्यांना दिसेल अशी, आणि शेजारी व्हर्मुथ दारूचा ग्लास. काठावरचे होलोहोलो लोक बघायला जमायचे. त्यांनी त्याच्या मातीच्या मूर्ती घडवल्या म्हणतात. बेल्जियन अधिकाऱ्यांना मात्र हा प्रकार सहन होईना.

२६ डिसेंबर १९१५, रविवार. सकाळची प्रार्थना चालू असताना किंगानी दिसली. साहेबांनी प्रार्थना पुरी केली आणि मग बोटी काढल्या. किंगानीची तोफ फक्त पुढे मारा करणारी. मिमी आणि टूटूने तिला मागून गाठलं. अकरा मिनिटांत खेळ आटोपला. जर्मन कप्तान ठार झाला, बोट काठावर आणली, डागडुजी केली, आणि तिचं नाव ठेवलं ‘फिफी’. बोटीवर एक बकरीही जिवंत सापडली. ती पलटणीने पाळली. तिकडे लंडनने स्पायसरला कमांडर केलं, बढती त्याच तारखेपासून.

९ फेब्रुवारी १९१६ ला किंगानीचं काय झालं ते शोधत हेडविग आली. आता फिफीवर बारा पौंडी तोफ होती, बोटीच्या मानाने फारच दांडगी. गोळा सुटला की धक्क्याने फिफी जागच्या जागी थांबायची, तेवढ्यात हेडविग पुढे सरकायची. वेनराइट नावाचा अधिकारी मिमी घेऊन पुढे गेला, आपल्या छोट्या तोफेने हेडविगला सतावत राहिला, मग परत येऊन फिफीच्या बाजूला ओरडला: गोळे पल्याड पडताहेत. साहेब संतापले. शेवटी फिफीवर मोजके गोळे उरले, आणि त्यातला एक तोफेतच अडकला. तो निघाल्यावर पुढचे दोन हेडविगला लागले आणि ती बुडाली. तिचं निशाण ब्रिटिशांच्या हाती आलं.

दुसऱ्या दिवशी गोत्झेन आली.

संथपणे, काठाला समांतर, हरवलेल्या जोडीदारांना शोधत. अधिकारी हुकमाची वाट पाहत उभे. स्पायसरने दुर्बिणीतून पाहिलं आणि बोटी काढू नका म्हणून सांगितलं.

भ्याडपणा म्हणा हवं तर. त्याच्या हाताखालच्यांनी तसंच मानलं. पण त्याच्या जागी उभं राहून हिशेब मांडला तर तोही चुकीचा वाटत नाही. पलीकडे एकशेपाच मिलिमीटरची तोफ, आणि इकडे एका गोळ्याने काड्या होतील अशी महोगनी. खटकतं ते पुढचं. मोठं जहाज हवं म्हणून स्पायसर काठ सोडून काँगोत निघून गेला आणि काही महिने परतलाच नाही.

परतला तेव्हा जून १९१६ उजाडत होता. दक्षिणेला जर्मनांच्या बिस्मार्कबुर्गच्या किल्ल्यावर ऱ्होडेशियाची फौज जमिनीवरून चालून आलेली. सरोवराची बाजू अडवणं हे स्पायसरचं काम. किल्ल्याच्या तटावर तोफा दिसल्या आणि तो मागे फिरला. त्या रात्री जर्मन होड्यांतून निसटले. फौज आत शिरली तेव्हा कळलं, तोफा लाकडाच्या होत्या.

खुद्द गोत्झेनचंही तेच. तिची मोठी तोफ उतरवून जमिनीवरच्या लढाईला नेली होती. जर्मनांनी जुलैअखेर तिला स्वतःच बुडवलं, पण बुडवण्याआधी इंजिनांना ग्रीस चोपडून ठेवलं. ते ग्रीस कामाला आलं. १९२७ पासून ती ‘लिएम्बा’ या नावाने प्रवासी वाहू लागली, आणि त्या शतकाच्या अखेरीसही वाहतच होती. मुख्य शत्रू म्हणून जिच्यासाठी दहा हजार मैल बोटी आणल्या, तिच्यावर स्पायसरने एकही गोळा झाडला नाही.

(पडद्यावर: लंडन, मग मोनाको.)

आजारी पडून साहेब मायदेशी आले. पदक मिळालं, बेल्जियमनेही सन्मान दिला. मात्र आरमाराने पुन्हा जहाज हाती दिलं नाही. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत त्याचं फ्रेंच उपयोगी पडलं, आणि १९२१ मध्ये मोनाकोत आंतरराष्ट्रीय जलमापन कार्यालय उघडलं तेव्हा तो त्याचा पहिला महासचिव झाला.

इथे मात्र जागा आणि माणूस जुळले. तोवर प्रत्येक देशाच्या सागरी नकाशाची तऱ्हा वेगळी: कुणी खोली फॅदममध्ये (सहा फुटांच्या मापात) देणार, कुणी मीटरमध्ये, खडकाची खूण एकाची एक, दुसऱ्याची दुसरी. हे सगळं एका वळणावर आणण्याचा पत्रव्यवहार, बैठका, तक्ते. यांगत्सेवर आणि गांबियावर ज्याने दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात टाकून खोली मोजली होती, त्याच्या हातचं काम. १९३७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, तो तिथेच राहिला. या नोकरीबद्दल कुणी किस्से सांगत नाही. बहुधा सांगण्याजोगं काही बिघडलं नाही म्हणून.

(पडद्यावर: सागरी नकाशा, हळूहळू पश्चिम भारताचा किनारा.)

त्याच्या कारकिर्दीत, १९२८ साली, कार्यालयाने जगातल्या समुद्रांच्या हद्दी ठरवणारी पुस्तिका काढली. कुठला समुद्र कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, याचा सरकारी दाखलाच म्हणा. स्पायसर-सिम्सन २९ जानेवारी १९४७ ला कॅनडात वारला. सहा वर्षांनी, १९५३ मध्ये, पुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात अरबी समुद्र आणि लक्षद्वीप समुद्र यांच्यातली रेघ भारताच्या किनाऱ्यावर जिथून सुरू होते, ते ठिकाण आहे गोव्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या कारवारजवळच्या सदाशिवगडाचा दीपस्तंभ.