हाडं कुठेही असोत

नमस्कार मंडळी. "तुम्हा ख्रिस्ती लोकांचं पुनरुत्थान, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठणं, हे काय ते सांगा, पण प्रवचन नको," अशी कार्यकारिणीची अट आहे. म्हणून आमच्या ठाण्यापासूनच सुरुवात करतो.

१३२१ साली ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाचे चार धर्मबंधू मारले गेले. त्यांना जायचं होतं कोल्लमला, पण जहाज येऊन लागलं ठाण्याला. जॉर्डानस नावाच्या, डॉमिनिकन या दुसऱ्या संघातल्या त्यांच्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे थोड्याच काळात ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी तिथे आला. त्याने ती हाडं बाहेर काढली, बरोबर घेतली आणि समुद्रमार्गे चीनमधल्या झैतूनला, म्हणजे आजच्या च्वानचौला, आपल्या संघाच्या मठात पोचवली. इथे बसलेल्यांपैकी फार थोड्यांनी ठाण्याहून एवढा प्रवास केला असेल, आणि तोही मेल्यानंतर!

एवढा आटापिटा कशासाठी? जुनं वस्त्र टाकावं तसा आत्मा देह टाकतो, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. मीही ऐकलं, शाळा तर एकच होती. ख्रिस्ती श्रद्धा इथे वेगळी वाट धरते. देह हे वस्त्र नव्हे. माणूस म्हणजे देह आणि आत्मा दोन्ही, त्यामुळे देवाने माणसाला वाचवायचं तर देहासकट. हा पुनर्जन्म नाही, कारण नवा जन्म नाही, दुसरं नाव नाही. उठणार तीच व्यक्ती. आमच्या श्रद्धांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत, म्हणूनच "देहाचे पुनरुत्थान" असे स्पष्ट शब्द आहेत.

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, एक प्रसंग आहे, तो मला फार आवडतो. उठलेला येशू शिष्यांसमोर उभा राहतो आणि त्यांना वाटतं भूत आलं. तो हातपाय दाखवतो, तरी त्यांचा विश्वास बसेना. मग तो विचारतो, खायला काही आहे का? ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. खाडीकाठच्या माणसाला यापेक्षा भक्कम पुरावा कोणता द्यायचा!

पण येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर उठला आणि येशू उठला, या दोन गोष्टी एक नव्हेत. लाजर परत आपल्या घरी गेला, पुढे कधीतरी पुन्हा मरणारच होता. येशूच्या देहाला मरण उरलं नव्हतं. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना प्रेषित पौल बियाण्याचा दाखला देतो: पेरतो तो दाणा आणि उगवतं ते रोप, दिसायला निराळं, तरी त्याच दाण्याचं.

शंका तेव्हाही होत्या. नरभक्षकाने माणूस खाल्ला तर ते मांस शेवटी कुणाचं, असा प्रश्न संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात गंभीरपणे घेतला. ज्याच्या देहात ते आधी मानवी मांस झालं त्याला परत मिळेल, असं त्याचं उत्तर. मला यात थोडी वकिली दिसते, पण प्रश्न टाळला नाही, हे मानायला हवं.

ही आशा एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही. येशूच्या काळी यहुद्यांमधला परूशी पंथ ती मानत असे, सदूकी पंथ नाकारत असे. ठाण्यात तलावपाळीजवळ आमचं सेंट जॉन चर्च आहे, तसं टेंभी नाक्याकडे १८७९ चं बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांचं, सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतही मृतांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती असते.

सार्वकालिक जीवन मात्र मेल्यावरच सुरू होतं असं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की पित्याला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणं हेच ते जीवन. मुदत कधीही न संपणारा मुक्काम, एवढाच त्याचा अर्थ घेतला तर ते कंटाळवाणंच वाटेल.

आता व्यवहाराचं. इथल्या ज्येष्ठांचा नेहमीचा प्रश्न: दहन चालतं का? कॅथलिक चर्चने १९६३ पासून परवानगी दिली आहे, पुरणं अधिक पसंत असलं तरी. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विखरायची नाही, ती पवित्र जागी जपायची. देहाची राख झाली म्हणून देवाचं काही अडत नाही. मुंबई-ठाण्याकडे दफनभूमीत जागेची इतकी टंचाई आहे की काही वर्षांनी कबर उघडून हाडं कोनाड्यात ठेवतात आणि तिथे पुढचा माणूस येतो. माझ्या घरच्यांचं तसंच झालंय. माझी सोय इथे करायची की तिकडे ठाण्याला, यावर मुलांचं आणि माझं अजून एकमत नाही. पुनरुत्थानासाठी दोन्ही चालेल, पण भाडं त्यांना भरायचंय, तेव्हा ते ठरवोत.