उतरलेली दोरी

(दृश्य: टेबलावर आडवं ठेवलेलं कंपाउंड धनुष्य. दोरी एका बाजूला ढिली पडली आहे.)

जुन्या धनुष्याची रीत सोपी होती. काम झालं की दोरी उतरवायची. दोरी उतरली की ताण गेला, काठी सरळ झाली. मग कोपऱ्यात उभं करा, नाहीतर खुंटीला टांगा. समोरच्या या धनुष्याचीही दोरी उतरली आहे. पण आपली आपण उतरली आहे, आणि म्हणूनच कालपासून त्याला कुणी हात लावलेला नाही.

धनुष्य माझं आहे. काल एका मित्राने ‘नुसतं ओढून बघतो’ म्हणून हातात घेतलं. बाण नाही, रिलीज (दोरी धरून ट्रिगरने सोडायचं छोटं यंत्र) नाही, तीन बोटांत दोरी धरली आणि ओढली. ओढताना सगळं ठीक होतं. परत नेताना त्याचं मनगट फिरलं. टक्‌ असा आवाज झाला, धनुष्याने हिसका दिला आणि खालच्या कॅमवरून दोरी बाहेर. नशीब एवढंच, की दोरी त्याच्या हातून सुटली नाही. चूक त्याची म्हणवत नाही. नको म्हणायचं काम माझं होतं.

(दृश्य: खालचा कॅम, अगदी जवळून.)

हा कॅम. चाकच, पण गोल नाही. कडेला खोबण आहे, काही मिलिमीटर खोल, आणि दोरीने त्यातच राहायचं. आत्ता ती खोबणीच्या बाहेर, कॅमच्या अंगाला चिकटून आहे. दोरीवर गुंडाळलेला जो दोरा असतो, सर्व्हिंग, तो इथे विस्कटलाय. कडेवर घासल्याची खूण. सोललेल्या वायरीसारखे तंतू बाहेर आलेत.

हे मुळात होतं कसं? उत्तर या धनुष्याच्या सुखातच आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या होलेस विल्बर अ‍ॅलनने 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं, आणि तेव्हापासून धनुष्याला चाकं आली. त्यांची करामत अशी, की ओढताना मधे जोर लागतो आणि पूर्ण ओढल्यावर तो एकदम उतरतो. समजा धनुष्य 60 पौंडांचं आहे, म्हणजे साधारण 27 किलो. लेट-ऑफ, म्हणजे हा उतार, 80 टक्के असेल, तर पूर्ण ओढल्यावर बोटांवर उरतात फक्त 12 पौंड. निवांत नेम धरा. पण हाताला जे हलकं लागतं, ते दोरीलाही हलकंच. खोबणीत घट्ट बसवून ठेवणारा ताण तिच्यात तेव्हा सगळ्यात कमी असतो. त्या क्षणी मूठ पिळली, दोरी गालाने बाजूला ढकलली गेली, बाहीत किंवा फांदीत अडकली, तर ती सरळ बाहेर पडते.

बाकी कारणंही आहेत. धनुष्य कॅमवर आपटून कड वाकलेली असणं, ॲक्सल, म्हणजे कॅमचा आस, वाकलेला असणं, खोबणीत काडीकचरा. आणि सगळ्यात वाईट ड्राय फायर, म्हणजे बाण न लावता दोरी सोडणं. बाणाने न्यायची सगळी ताकद मग धनुष्यातच फुटते.

ओढलेल्या अवस्थेत काही बिनसल्यासारखं वाटलं, तर ट्रिगरवरचं बोट आधी बाजूला. बाणाचं तोंड लक्ष्याकडेच ठेवा आणि मूठ सरळ धरून सावकाश परत या. घाबरून सोडून देणं, हे त्यातलं सगळ्यात महाग काम.

आणि नंतर? सायकलची चेन पडली की आपण पेडल उलटं फिरवतो, बोटं काळी करतो, चेन बसवतो. काल माझाही हात तसाच पुढे गेला होता. मधेच थांबला. कारण याचे हे दोन बाहू, तिरंदाज त्यांना लिंब म्हणतात, खायच्या लिंबाशी संबंध नाही, ते दोरी न ओढताही वाकलेलेच असतात. दोरी निसटली तरी केबल, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या बाकीच्या दोऱ्या, जागेवर आहेत आणि ताण धरून बसल्या आहेत. तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसणं म्हणजे लावलेल्या पिंजऱ्यात बोट घालणं. अर्धवट निसटलेली दोरी तर जास्त फसवी. बरी दिसते म्हणून माणूस अजून एकदा ओढून बघतो. लिंबचे बोल्ट अंदाजाने सैल करणं तेही नको. किती फेरे चालतात हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि त्यापुढे लिंब जागेवरून सुटू शकतो.

(दृश्य: बो प्रेस. दोन दांडे, मधे धनुष्य.)

याला लागते बो प्रेस. तिचे दोन हात लिंबांची टोकं पकडतात आणि हँडल फिरवलं की ती आणखी जवळ आणतात. दोरी, केबल, सगळं सैल पडतं. पकड या धनुष्याला साजेशी हवी. भलत्या जागी दाब बसला तर दुरुस्तीच्या नादात लिंब तडकतो.

दोरी खोबणीत घालायला अर्धा मिनिट लागला. खरा वेळ पुढे.

(दृश्य: लिंबाच्या कडेवरून फिरणारा कापसाचा बोळा.)

कापूस कशाला? तडा डोळ्याला दिसत नाही, पण त्याचं कुसळ कापसाला धरतं. वरचा लिंब, खालचा लिंब, दोन्ही कडा. कुठे अडकला नाही. मग कॅमच्या कडेवरून नख. इथे एक बारीक खरखर लागली. दोरीला कापणारी धार असेल तर कॅम बदलायचा, कानशीने घासत बसायचं नाही. ॲक्सल सरळ आहे. कॅमच्या सपाट बाजूला बाण टेकवून तो दोरीपासून किती तिरका जातो ते पाहिलं, म्हणजे कॅम किती कललाय ते कळतं. दोन ॲक्सलमधलं अंतर आणि मुठीपासून दोरीचं अंतर मोजलं, बनवणाऱ्याच्या आकड्यांशी ताडलं.

दोरी मात्र गेली. सर्व्हिंग उलगडलं तर आतला एक पदर तुटलेला. एकच, पण त्यावर पुन्हा बाण लावायचा नाही. नवी दोरी, नवी केबल, आणि खरखरणाऱ्या कॅमच्या जागी नवा कॅम.

(दृश्य: ड्रॉ बोर्ड. विंच हळूहळू दोरी ओढते आहे.)

पहिल्यांदा ओढायचं ते हाताने नाही, विंचने, आणि आपण बाजूला उभं राहायचं. पूर्ण ओढल्यावर कॅम जिथे अडतो, त्या थांब्याला दोन्ही कॅम एकाच वेळी टेकतात का बघायचं. वरचा टेकला. खालचा किंचित मागे. केबलला अर्धा पीळ, पुन्हा प्रेस, पुन्हा विंच. आता दोन्हींचा मिळून एकच आवाज.

पहिला बाण अगदी जवळच्या लक्ष्यावर. मित्र मागे उभा आहे, हात पाठीशी बांधून.