बांधावरचा रानतीळ

पाऊस ओसरत आला की बांध असा जांभळा दिसू लागतो. येणारे-जाणारे याला तण म्हणतात. हा रानतीळ.

जरा जवळून बघा. फूल घंटेसारखं, खाली झुकलेलं. खालचा ओठ गडद जांभळा, माशीला टेकायला जागा केल्यासारखा. ही बघा, टेकली. अर्धी आत गेली... आता नुसते मागचे पाय दिसतायत. बाहेर आली की तिची पाठ बघा, परागांनी माखलेली. सकाळी उमललेलं हे फूल संध्याकाळी गळतं. उद्या त्याच्या वरचं उमलेल.

म्हणून एकाच झाडावर शेंड्याला कळ्या, मधे फुलं आणि बुडाशी वाळलेली बोंडं. बोंड टोकाकडून उकलतं. हे झाड हलकेच हलवलं... सांडले दाणे. शेतातल्या तिळाचीही हीच खोड. बोंडं तडकायच्या आत कापणी उरकायची, पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या आणि कापडावर उलट्या धरून झटकायच्या. रानतिळाला एवढे लाड नाहीत, तो आपला आपणच पेरला जातो. त्यातही सगळं बी एकदम उगवत नाही. काही दाणे मातीत दडी मारून बसतात, पुढच्या पावसासाठी.

तळहातावर डावीकडे रानतीळ: काळपट, खरखरीत, जाळीदार. उजवीकडे घरातला तीळ, गुळगुळीत. नातं मात्र सख्खं. दोघांचीही गुणसूत्रं 26, आणि दोघांचा संकरही होतो. तीळ पिकात आला तो भारतीय उपखंडातच, याच रानटी पूर्वजापासून. हडप्पाच्या उत्खननात तिळाचे जळके दाणे सापडलेत. ‘तेल’ हा शब्दसुद्धा तिळातून आलेला! शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात रानतिळाला ‘जर्तिल’ म्हटलंय. तिथेच लिहिलंय: तीळ म्हणून तो गावचा, आणि न नांगरलेल्या जमिनीत पिकतो म्हणून रानाचा. बांधाबद्दल इतकं नेमकं आम्हाला लिहिता आलं नसतं.

तिळाला पर्णगुच्छ रोग लागला की फुलांच्या जागी असे पानांचे झुपके येतात, दाणा धरतच नाही. त्याला तोंड देण्याची ताकद संशोधकांना रानतिळात आढळली आहे. तणनाशक फवारलं की बांधावरून तोही जातो.

हे दोन बांध शेजारशेजारचे. डावीकडचा न फवारलेला. दोन्ही एकाच सकाळी टिपलेत.