कुंपणाआतला स्वतंत्र माणूस

इंग्लंडच्या मध्यभागातील ही कुरणे उंचावरून पाहिली, की गवताखाली जुन्या नांगरटीचे सरी-वरंबे अजूनही स्पष्ट दिसतात. हे पट्टे गावातली वेगवेगळी कुटुंबे कसत असत आणि पीक निघाले, की साऱ्यांची जनावरे त्याच शिवारात चरत. वरंब्यांना छेदून गेलेली ही सरळसोट काटेरी कुंपणे नंतरची आहेत.

कुंपणाआधी कागद तयार होई. गावाच्या सामायिक वापराची जमीन कुंपणाने बंदिस्त करून घेण्यासाठी मोठे जमीनदार संसदेकडे अर्ज करीत, कायदा मंजूर होई, आयुक्त गावात येत, मोजणीदार साखळी टाकत आणि पडद्यावर दिसतो तशा नकाशात एकेका तुकड्यावर एकेका मालकाचे नाव चढे. संमती मोजली जाई ती माणसांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या जमिनीच्या मूल्यावर. त्यामुळे दोन-चार धनिकांचा होकार अख्ख्या गावाच्या नकाराला पुरून उरे. १६०४ ते १९१४ या काळात अशा ५,२०० हून अधिक कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडची पाचवा हिस्सा जमीन, बंदिस्त केली.

या मालकीचे तत्त्वज्ञान इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८९ मध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मांडले आहे. माणूस स्वतःच्या देहाचा मालक आहे, म्हणून त्याचे श्रम ज्यात मिसळतात ते त्याचे होते, हा त्यांचा सिद्धान्त श्रमिकाच्या बाजूचा वाटतो. पण सामायिक जमिनीचे उदाहरण देताना ते म्हणतात, की माझ्या घोड्याने खाल्लेले गवत, माझ्या नोकराने कापलेली गवताची ढेपळे आणि मी खणलेले खनिज कोणाच्याही संमतीवाचून माझी मालमत्ता होते. घाम नोकराचा गळला, मालकी धन्याची ठरली. येथे स्वतंत्र व्यक्ती आहे तो धनी. नोकर घोड्याच्या पंक्तीला बसला आहे, आणि आम्हाला तो योगायोग वाटत नाही.

हे लंडनच्या पटनी भागातले सेंट मेरी चर्च. १६४७ मध्ये राजाविरुद्ध लढलेल्या सैन्याच्या प्रतिनिधींचा मताधिकारावरचा वाद येथे झाला. गरिबातल्या गरिबालाही स्वतःचे आयुष्य जगायचे आहे, म्हणून त्याच्या संमतीवाचून त्याच्यावर राज्य होऊ नये, असे कर्नल टॉमस रेन्सबरो म्हणाले. ज्याचा देशात कायमचा स्थावर हितसंबंध आहे त्यालाच मत असावे, हा त्याच सैन्यातले वरिष्ठ अधिकारी हेन्री आयर्टन यांचा आग्रह होता. सर्वांना मत दिले तर मालमत्ता टिकणार कशी, ही त्यांची खरी चिंता होती.

आयर्टन यांचीच बाजू टिकली. मालमत्तेची अट मागे पडून जवळपास सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळण्यास १९१८ उजाडले. तोवर चराईचा हक्क गमावलेल्यांच्या कित्येक पिढ्या मजुरीवर जगून गेल्या होत्या.